शेंगा चटणी आणि पहिली तीस सेकंदं

मंडळी, यूट्यूब चॅनल सुरू झालं की पहिली लिंक जाते नातेवाइकांच्या ग्रुपवर. मावशी उघडते, अंगठा देते, वीस सेकंदांत बंद करते. त्या आकड्यांवरून व्हिडिओ कसा झालाय ते काही कळत नाही. ‘तू माझं सबस्क्राइब कर, मी तुझं करतो’ तर यूट्यूबच्या नियमातच बसत नाही.

छोट्या चॅनलला अनोळखी माणूस सापडतो तो बहुतेक सर्चमधून. म्हणून कॅमेरा काढण्याआधी शोधपेटीत ‘शेंगा चटणी’ एवढंच टाइप करा आणि खाली काय सुचतंय ते वाचा. रोमन लिपीतही टाइप करून बघा, कारण आपली बरीच माणसं फोनवर मराठी तशीच लिहितात. शीर्षक देवनागरीत ठेवा, रोमन स्पेलिंग वर्णनात घाला. शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा आहे, पण फोनवर शेपूट कापलं जातं. ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण’ने सुरू केलंत तर चटणी कापलेल्या भागात जाणार.

आता तीच चटणी घेऊ. लोगो, संगीत, सोलापूरचा इतिहास, मग साहित्य, असा क्रम लावला की माणूस शेंगा भाजायच्या आत निघून जातो. त्याला हवं काय? उखळात कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं आणि कोरडा कूट गोळा धरू लागतो, तो क्षण. तो पहिल्या पाच सेकंदांत दाखवा, मग मागे या. मिक्सरमध्ये काय फरक पडतो, हे शेवटाकडे ठेवा.

थंबनेलला, म्हणजे यादीत व्हिडिओवर दिसणाऱ्या चित्राला, 1280 बाय 720 पिक्सेलचं माप. उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं नकोत, तिथं व्हिडिओची वेळ येऊन बसते.

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलचे आकडे दाखवणाऱ्या पानावर, दोन आकडे एकत्र वाचायचे: किती जणांनी क्लिक केलं आणि किती जण टिकले. क्लिक कमी पण आलेले टिकतात, तर थंबनेल बदला. व्हिडिओला हात लावू नका. क्लिक भरपूर आणि तीस सेकंदांत आलेख कोसळतो, तर शीर्षकानं सांगितलेलं व्हिडिओत वेळेवर आलेलं नाही. निम्म्या चॅनलांचा क्लिक-दर 2 ते 10 टक्क्यांत असतो, असं यूट्यूबच सांगतं. मात्र इंप्रेशन, म्हणजे थंबनेल लोकांना किती वेळा दिसलं तो आकडा, शंभर-दोनशेच असेल तर टक्केवारीवर डोकं फोडू नका.

आवाजाबद्दल खडसावूनच सांगतो. धूसर चित्र लोक चालवून घेतात, खरखर नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, पंखा बंद. चादरीच्या कारखान्यात मागाच्या खडखडाटात बोलूच नका. खडखडाट वेगळा घ्या, निवेदन घरी करा आणि तो खाली हळू ठेवा.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातींच्या वाट्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे 4,000 तास लागतात. म्हणजे 2,40,000 मिनिटं. माणशी चार मिनिटं धरली तर 60,000 व्ह्यूज. शॉर्ट्स, म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंच्या फीडमधले व्ह्यूज या तासांत धरत नाहीत. त्यांची वाट वेगळी, 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज.

आणि गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा व्हिडिओ? यात्रा संक्रांतीला. गाडी कुठं लावायची, नंदीध्वजांचा मार्ग कोणता, हे लोक यायच्या आधी शोधतात. तेव्हा मागच्या वर्षीच्या चित्रणावर तो डिसेंबरातच टाका, आणि यंदाचं चित्रण पुढच्या डिसेंबरासाठी राखून ठेवा.