पासून, पर्यंत आणि इंग्रजी वेळ

नमस्कार श्रोतेहो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. एकदा वर्गात फळ्यावर तीन शब्द लिहिले: सकाळी, सोमवारी, रात्री. तिन्हींचं इंग्रजी झालं, इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्याकडे तिन्हीला एकच 'ई' लागतो, मग इंग्रजीत तीन वेगवेगळे का?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या सप्तमीचा तो एवढासा 'ई' सकाळ, वार, रात्र सगळ्यांना पुरतो. इंग्रजी मात्र आधी वेळेचा आवाका बघते. घड्याळातला नेमका क्षण असेल तर ॲट, एखादा वार किंवा तारीख असेल तर ऑन, आणि महिना, ऋतू, वर्ष, शतक असं दिवसाहून मोठं काही असेल तर इन. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते इन १९६०, इन मे, पण तारीख सांगायची तर ऑन १ मे १९६०. देश स्वतंत्र झाला ती वेळ सांगताना ॲट मिडनाइट.

सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना इन लागतो. रात्रीला मात्र ॲट, ते तसंच लक्षात ठेवायचं. पण सकाळीला वार चिकटला की वाराचा ऑन पुढे येतो: ऑन मंडे मॉर्निंग. आणि लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी यांच्या आधी काहीच येत नाही. आपण 'गेल्या सोमवारी' म्हणतो, तो 'ई' डोक्यात राहतो आणि मुलं 'ऑन लास्ट मंडे' लिहून मोकळी होतात. नुसतं लास्ट मंडे म्हणा, पुरे.

हे आठवड्याभरात जमतं. खरी अडचण पुढे आहे, आणि ती आपल्या दोन लाडक्या शब्दांपाशी आहे: पर्यंत आणि पासून.

माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं साहेबांना लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे.' तिच्या मनात होतं, शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवते. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, शुक्रवार उजाडेपर्यंत मी अहवाल पाठवतच राहीन. साहेबांनी उलट विचारलं, तेव्हा ती इतकी खट्टू झाली की संध्याकाळी मला फोन केला. मी तिला म्हटलं, अगं, तुझं मराठी चोख आहे. आपला 'पर्यंत' दोन कामं करतो आणि इंग्रजीनं ती दोघांत वाटून दिली आहेत, एवढंच.

तिला जी युक्ती सांगितली, तीच तुम्हाला सांगते. वाक्यात 'राहणे' घालून बघा. 'मी पाचपर्यंत थांबून राहीन' हे कानाला बरोबर लागतं, म्हणून तिथे टिल किंवा अनटिल: आय विल वेट टिल फाइव्ह. 'मी पाचपर्यंत पोचत राहीन' असं कुणी म्हणत नाही. पोचणं एकदाच होतं, म्हणून तिथे बाय: आय विल रीच बाय फाइव्ह. तिचा अहवालही एकदाच जायचा होता, म्हणून बाय फ्रायडे.

आता पासून. 'मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे इंग्रजी तुम्ही मुलाखतींत, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकलं असेल. इथे 'पासून' गाळून बघा. 'मी दोन वर्षं इथे काम करतोय' हे वाक्य मराठीत उभं राहतं. म्हणजे आपण लांबी मोजतोय, तिथे फॉर: फॉर टू इयर्स. आणि 'मी जूनपासून काम करतोय' यातला 'पासून' काढा. 'मी जून काम करतोय'! वाक्य कोसळतं. म्हणजे ती सुरुवातीची खूण आहे, तिथे सिन्स: सिन्स जून. दोन्हीकडे क्रियापदही बदलतं, ते विसरू नका: 'आय ॲम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग'.

आणखी एका ठिकाणी फसगत होते. दवाखान्यात कुणी म्हणालं, 'द डॉक्टर विल बी हिअर इन ॲन अवर', तर आपल्या कानावर 'तासात' असं पडतं आणि आपण दहाव्या मिनिटापासून दाराकडे बघू लागतो. त्याचा अर्थ आहे तासाभरानं. तासाच्या आत म्हणायचं असेल, तर शब्द आहे विदिन.

जाता जाता, जिथे आपली मराठी थेट हात देते ती जागा. गाडी वेळेवर सुटली, द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम. आपण धावतपळत ती सुटायच्या आधी, वेळेत पोचलो, वी रीच्ड इन टाइम. 'वर' म्हणजे ऑन, 'त' म्हणजे इन. इथे घोकायचं काहीच नाही, ते आपल्या तोंडात आधीपासून आहे.

नमस्कार.