गडी आडवा झाला

(शहापूर, बेळगाव. पावसाळ्यातली संध्याकाळ, वीज गेलेली. सतरंजीवर चार्जिंगचा दिवा. एक सुरकुतलेला हात कापडी पिशवीतून पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा काढतो.)

हा हात माझ्या आजीचा. वय 84. तिच्या हातात जो तुकडा आहे, त्याला आमच्या घरात ‘फरशी’ म्हणतात. अशा 72 फरश्या. कुणावर रस्ता, कुणावर शेत, कुणावर तटबंदीचा कोपरा. एकेक काढायची, कडेला कड जुळवून लावायची, आणि बघता बघता सतरंजीवर मुलूख पसरतो. खेळाचं नाव कार्कासोन. फ्रान्समधलं तटबंदीचं गाव, खेळ बांधला जर्मनीतल्या क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी, साल 2000.

आजीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिला एवढंच दिसतंय, की माझा किल्ला एका फरशीनं अडलाय आणि ती फरशी तिच्या हातात आहे.

(उद्यमबाग. पॅटर्न शॉप. सागवानी लाकडावर रंधा चालतोय.)

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करावा लागतो, तो मी करतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना शंभराला एक या हिशेबानं मोठा ठेवायचा. हाताला अशी सवय लागली की पुढे कुठलीही लाकडी वस्तू नुसती बघता येत नाही. तिच्या कडेवरून अंगठा फिरतोच.

नऊ वर्षांपूर्वी पुण्यात मित्राच्या घरी अशाच एका लाकडी बाहुल्यावरून अंगठा फिरला. दोन हात पसरलेला, पाय फाकवून उभा. तोच कार्कासोनमधला गडी. इंग्रजीत त्याला मीपल म्हणतात. ‘माझी माणसं’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द एका अमेरिकन खेळाडूनं जोडले आणि ते नाव जगभर झालं. मी रात्री दोनपर्यंत खेळलो आणि परतीच्या गाडीत ठरवलं, की हे बेळगावात न्यायचं.

आज कपाटात चाळीसेक खोकी आहेत, आणि मी खेळांची परीक्षणं करतो. मराठीत.

(कपाट. रंगीबेरंगी खोकी. पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालणारे हात.)

मराठीत परीक्षण करायचं म्हणजे आधी शब्द शोधायचे. मीपलला मला फार शोधावं लागलं नाही. शेतावर राबतो तो गडी आणि खेळात भिडू असतो तोही गडी. कार्कासोनमध्ये गडी रस्त्यावर ठेवला तर वाटमाऱ्या, किल्ल्यात ठेवला तर सरदार, मठात ठेवला तर साधू. शेतात ठेवायचा तर मात्र त्याला आडवा झोपवायचा. आडवा झाला की खेळ संपेपर्यंत उठत नाही. तुमच्याकडे असे सातच गडी, त्यामुळे एक आडवा करणं म्हणजे हातातला एक माणूस कमी करून घेणं. पण शेवटी त्या शेताला लागून जितके किल्ले पुरे झाले असतील, त्या प्रत्येकाचे तीन गुण.

आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे पेरून ठेवायचं.” नियमपुस्तिकेतला दीड परिच्छेद या तीन शब्दांत आला. माझ्या परीक्षणात मी तेच शब्द वापरले.

तिला सवय आहेच. लहानपणी खडूनं जमिनीवर पाच बाय पाच घरं आखून खेळायची. शेजारच्या कन्नड घरांत त्याला चौकाबारा म्हणतात, आजी नुसतं ‘कवड्या’ म्हणते. कवडी पालथी किती पडते, उताणी किती, हे कुणी शिकवलेलं नाही, पण तिच्या मनगटाला ते माहीत आहे.

(फाशांचा आवाज. षटकोनी तुकड्यांचं बेट.)

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण त्या चुकीनंच मला परीक्षण म्हणजे काय ते शिकवलं.

कटान. क्लाउस टॉयबर यांचा खेळ, 1995. त्याच वर्षी जर्मनीत त्याला ‘वर्षातला उत्तम खेळ’ हा मान मिळाला. 19 षटकोनी तुकड्यांचं बेट. लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज. दोन फासे टाकायचे, ज्या तुकड्यावरचा आकडा येईल तो तुकडा पिकतो. दोन फाशांची 36 दानं पडू शकतात. त्यात सहा किंवा आठ प्रत्येकी पाच वेळा येतात, दोन आणि बारा एकेकदाच. सात सगळ्यात जास्त, सहा वेळा, आणि सात आला की चोर हलतो.

आम्ही घरचे चौघं दोनदा खेळलो. मी व्हिडिओ केला आणि सांगितलं, हा सगळा फाशांच्या मर्जीचा खेळ आहे, डोकं लावायला वाव नाही.

नंतर आमच्या शेजारचे काका एकदा खेळायला बसले. रविवार पेठेत धान्याच्या व्यापारात उभी हयात गेलेली, घरची भाषा कन्नड. पाच मिनिटं बघत राहिले आणि मला विचारलं, “तुम्ही एकमेकांत देणं-घेणं का करत नाही?”

आम्ही करतच नव्हतो. आपल्याकडची मालाची चार पानं खेळाच्या पेढीत भरून एक घ्यायचं, एवढंच चाललं होतं. मागायला सगळ्यांनाच संकोच. काकांना कसला संकोच? “दोन लोकर घे, एक वीट दे की रे.” “तुला धान्य पाहिजे, ते माझ्याकडं आहे, पण फुकट नाही.” पंधरा मिनिटांत सतरंजीवर बाजार भरला. ज्याचा आकडा पडत नव्हता त्याच्याकडेही माल येऊ लागला. दहा गुणांवर खेळ संपतो. काका दहावर पोचले तेव्हा माझे सहा होते.

खेळाचा निम्मा जीव त्या सौद्यात होता आणि मी तो न खेळताच निकाल दिला होता. व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. दोन आठवड्यांनी नवा केला आणि आधी काय चुकलं होतं ते त्यात सांगितलं. तेव्हापासून तीन बैठका झाल्याशिवाय मी कुठल्याच खेळाबद्दल बोलत नाही, आणि त्यातली एक तरी बैठक घराबाहेरच्या माणसाबरोबर.

(टिळकवाडी, व्हॅक्सिन डेपो. पहाटेचं धुकं, झाडांखाली फिरायला आलेली माणसं.)

पॅन्डेमिक हा मॅट लीकॉक यांचा खेळ, 2008 चा. यात कुणी कुणाविरुद्ध नसतं. जगाच्या नकाशावर 48 शहरं, चार रंगांच्या ठोकळ्यांनी दाखवलेले चार रोग, आणि सगळे मिळून त्यांच्याशी झुंजतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. एक दोष सांगायला हवा: ज्याला खेळ जास्त येतो तो बाकीच्यांना हुकूम सोडत बसतो. आमच्याकडे मीच तसा वागत होतो. म्हणून आता ज्याची पाळी त्यानंच आधी बोलायचं, बाकीच्यांनी त्यानं विचारलं तरच.

यात रोगावर औषध सापडणं वेगळं आणि रोग मुळासकट जाणं वेगळं. औषध सापडल्यावर त्या रंगाचा शेवटचा ठोकळाही पटावरून उचलला गेला, तरच तो रोग संपला. हे समजावताना काकांनी बाही वर केली. दंडावर देवीच्या लशीचा व्रण. देवीची लस आपल्या व्हॅक्सिन डेपोत तयार होत असे. आम्ही तिथं रोज सकाळी फिरायला जातो, पण नावाकडे लक्ष कुणाचं असतं? जागतिक आरोग्य संघटनेनं 1980 साली देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. माणसाचा असा पुरता संपलेला रोग तो एकच. त्या दिवशी निळा रंग पटावरून पूर्ण उचलेपर्यंत काका हट्टानं खेळले, खेळ जिंकायला त्याची गरज नव्हती तरी.

(लग्नपत्रिका कापणारी कात्री. पाच बाय पाच मांडलेले शब्द.)

आणि हा माझा सगळ्यात लाडका खेळ, कोडनेम्स. झेक प्रजासत्ताकातल्या व्लादा ख्वातिल यांचा, 2015 चा. 25 शब्द मांडायचे, दोन संघ. म्होरक्यानं एकच शब्द आणि एक आकडा सांगायचा, त्यावरून साथीदारांनी आपले शब्द ओळखायचे. त्यात एक शब्द मारेकरी. त्याला बोट लावलं की खेळ तिथंच संपला.

मूळ शब्द इंग्रजी, म्हणून आमच्या घरात तो चालेना. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून दोनशे शब्द लिहिले, निम्मे मराठी, निम्मे कन्नड, सगळे देवनागरीत. आणि खेळ असा काही फुलला!

एका बैठकीत मी ‘चैत्र’ म्हणालो, आकडा एक. माझ्या मनात गुढी. काकांनी पानांकडे पाहिलं, मोठ्यानं ‘गुढी’ वाचलं आणि पुढे सरकले. त्यांच्या कानाला ते ‘गुडी’ ऐकू आलं, आणि कन्नडमध्ये गुडी म्हणजे देऊळ. देवळाचा चैत्राशी काय संबंध? उलट पुढच्या खेपेला त्यांनी ‘शिखर’ म्हटलं आणि माझ्या बायकोनं क्षणात गुढीवर बोट ठेवलं. ती निपाणीची. शेजारच्या ओट्यांवर कन्नड ऐकतच वाढली. हा इशारा छापील खोक्यात सापडणार नाही. तो इथेच, दोन्ही भाषा एका ओट्यावर बसतात तिथेच लागू पडतो.

(पुन्हा सतरंजी. बाहेर पाऊस. पुठ्ठ्याच्या फरश्यांशेजारी वाळूच्या दाण्यांसारख्या गोळ्यांच्या पुड्या.)

पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन वाकतो, म्हणून खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या लागतात. मागच्या पावसात एक निळा गडी हरवला. शॉपमधला सागाचा तुकडा आणून मी दुसरा कोरला. रंग थोडा गडद आहे, खांदे मात्र तंतोतंत.

आजी नेहमी तोच घेते. शेवटच्या सहा फरश्या राहिल्यात. तिनं तो उचलला, दिव्याच्या उजेडात शेत नीट पाहिलं, आणि तिथं आडवा झोपवला.

“तुझी पाळी,” म्हणाली.