एकाच बाटलीतलं तेल

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरी न्हाणीघराच्या कोनाड्यात खोबरेलाची एकच बाटली असायची. आई त्यातलंच तेल लावायची आणि वडीलही त्यातलंच. आईची वेणी साठी उलटली तरी कमरेखाली रुळत होती. वडिलांचे केस पस्तिशीपासून मागे सरकायला लागले आणि चाळिशीत डोकं वरून चकचकीत झालं. तेल तेच आणि हातही तोच, कारण रविवारी वडिलांच्या डोक्याला तेल आईच चोळायची. मी दिसायला वडिलांवर गेलो आहे. तुम्ही रेडिओवर ऐकताय म्हणून बरं. समोर असतात तर म्हणाला असतात, केसांच्या तेलावर बोलायला आकाशवाणीला हाच माणूस सापडला का?

मला विचाराल तर या विषयावर टकल्या माणसानेच बोलावं. त्याला कुणाला काही विकायचं नसतं, आणि विकायला गेला तरी कुणी घ्यायचं नाही. शिवाय मी बरीच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे एकाच बाटलीतल्या तेलाने एकीची वेणी राखली आणि दुसऱ्याचं टक्कल का थांबवलं नाही, हा प्रश्न मी घरातूनच घेऊन निघालो होतो.

आता असं बघा. डोक्याच्या कातडीखाली केसाचं मूळ असतं, ते जिवंत असतं. कातडीबाहेर आलेला केस मात्र निर्जीव. नखासारखाच तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. हा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं शेवटचं टोक डोक्यातून बाहेर आलं, त्याला पाच वर्षं तरी झालेली असतात. पाच दिवाळ्यांची अभ्यंगस्नानं, पाच उन्हाळे, रोजची विंचरण, अधूनमधून शिकेकाई, अधूनमधून शाम्पू, असं सगळं त्या टोकाने सोसलेलं असतं. मुळाला रक्तातून रसद मिळते. टोकाला कुणी विचारत नाही. तेल उपयोगी पडतं ते या टोकाला.

केस भिंगाखाली पाहिला तर वरून कौलारू छपरासारखा दिसतो. एकावर एक बसवलेली बारीक कौलं. केस भिजला की पाणी कौलांखालून आत शिरतं आणि केस फुगतो. त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते. वाळला की पुन्हा आकसतो. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, चार-पाच वर्षांत त्याच्या सांध्यांची काय अवस्था होते ते तुम्हाला माहीत आहे. केसाचं तेच होतं. कौलं उचकटतात, आतलं प्रथिन थोडं थोडं निघून जातं, आणि फणी फिरवली की केस मधेच तुटतो.

इथे खोबरेल तेल कामाला येतं. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी तीन तेलं तपासली. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं, बाजारातल्या अनेक पातळ सुवासिक केशतेलांमध्ये असतं ते. केसांतून निघून जाणारं प्रथिन मोजलं. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने ते स्पष्टपणे कमी झालं, धुतल्यानंतर लावल्यानेही झालं. बाकी दोन तेलांना ते जमलं नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की ते संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतलं होतं. पण त्यामागचं कारण रसायनशास्त्राला पटणारं आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी बारा कार्बनची, आखूड आणि सरळ. ती कौलांच्या फटीतून आत जाते आणि प्रथिनाला धरून बसते. सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्या लांब आणि वाकड्या, त्या दारातच अडकतात. खनिज तेल तर वरच्यावर राहतं. त्याने चमक येते, फणी सुळकन फिरते, पण आत काही जात नाही.

आणि गंमत म्हणजे याच सरळ साखळ्यांमुळे खोबरेल थंडीत थिजतं. पारा साधारण २४ अंशांखाली गेला की बाटलीत पांढरा गोळा. सरळ काड्या पेटीत कशा नीट रचल्या जातात, तसे ते रेणू एकमेकांना लगटून बसतात. लहानपणी शाळेच्या घाईत बाटली पालथी करून आपटायची, पेन्सिल घालून उकरायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आई रात्रीच बाटली चुलीच्या उबेला ठेवायची. तेल घ्यायचं झालं तर ही परीक्षा लक्षात ठेवा. वाटीभर तेल फ्रीजमध्ये ठेवा. निव्वळ खोबरेल पूर्ण थिजतं. वर पातळ थर तरंगत राहिला तर त्यात दुसरं काहीतरी आहे.

तर आईची वेणी जाड दिसायची ती यामुळे. नवे केस उगवत नव्हते, उगवलेले तुटत नव्हते. आणि वडिलांचं टक्कल? तो सगळा मुळांचा मामला. पुरुषी संप्रेरकापुढे काही जणांची मुळं जन्मतःच हळवी असतात. जुना केस गळून नवा येतो, त्या दर फेरीला मूळ थोडं आखडतं, केस आणखी बारीक येतो, शेवटी लव उरते. हे आजोबांकडून, आजीच्या माहेरकडून, कुठूनही येतं. बाहेरून चोळलेलं खोबरेल त्या भांडणात पडत नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "तुम्ही नियमाने लावलं असतं तर राहिले असते." वडील उत्तर देत नसत.

आता माक्याच्या तेलाकडे येतो, कारण पत्रांमध्ये त्याबद्दलच जास्त विचारलं जातं. माका, म्हणजे भृंगराज. शेताच्या बांधाला, पाटाच्या कडेला, जिथे ओल असेल तिथे उगवतो. फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. पिवळ्या फुलांचा असतो तो पिवळा माका, तो वेगळा. ओळख पटवायची सोपी रीत म्हणजे पान बोटांत चुरडायचं. थोड्या वेळाने बोटं काळपट होतात. केस काळे होतात ही समजूत बहुधा त्या बोटांवरूनच आली असावी, असं आपलं माझं मत.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं प्रमाण ठरलेलं आहे. एक भाग कल्क, म्हणजे वाटलेली वनस्पती, चार भाग तेल आणि सोळा भाग रस किंवा काढा. पाव किलो तेलाला लिटरभर रस झाला. लिटरभर रस काढायचा तर माक्याचा केवढा भारा लागेल, करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आई त्यात निम्मी काटछाट करायची. शास्त्रात तेल म्हणजे तिळाचं, आमच्याकडे नारळ दारात म्हणून खोबरेल. त्यातही आपल्या वाट्या सुकवून, कावळे हाकत राखून, गावच्या घाण्यावरून काढून आणलेलं. पेंड गोठ्यात जायची.

पितळेची कल्हईची कढई, मंद आच आणि भरपूर वेळ. इथे मी शिक्षक म्हणून थोडा थांबतो. तेलात पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कढईतून तडतड ऐकू येते ती याच पाण्याची. पाणी संपलं की आवाज बंद, आणि त्यानंतर तेल भराभर तापतं. दोन-चार मिनिटं दुर्लक्ष झालं की कल्क करपला, सगळ्याला जळका वास. उलट आधीच उतरवलं तर पाणी आत राहतं, महिन्याभरात तेल खवट होतं आणि तळाशी बुरशी धरते. म्हणून जुन्या वैद्यांनी परीक्षा सांगून ठेवल्या आहेत. कल्क बोटांत वळला तर त्याची वात व्हायला हवी. ती वात विस्तवावर धरली तर चटचटू नये. आणि तेल सिद्ध होताना वर फेस येतो. तूप कढवताना नेमकं उलटं, फेस विरला की तूप झालं. तापमापक नसलेल्या काळात निव्वळ कानाने आणि बोटांनी पाणी संपल्याचा क्षण पकडायचा, हे मला आजही थक्क करतं. आईला लॉरिक आम्ल माहीत नव्हतं, पण बोलता बोलता ती मधेच गप्प व्हायची आणि कढईकडे कान द्यायची.

या तेलाने केस उगवतात का? उंदरांवरच्या प्रयोगांत माक्याच्या अर्काने केस लवकर आले, हे खरं. पण माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. वडिलांच्या डोक्यावर माक्याचं तेलही भरपूर मुरलं होतं. मी ते तेल लावायला सांगतो ते खोबरेलासाठी, आणि खरं सांगायचं तर त्या वासासाठी.

एरंडेलाचं हल्ली फार ऐकू येतं. भुवयांना लावा, पापण्यांना लावा, केस दुप्पट होतील. एरंडेल चिकट असतं. त्यातलं सुमारे नव्वद टक्के एकच आम्ल, रिसिनोलेइक. जाड थर देतं म्हणून केस भरल्यासारखे दिसतात. पण ते लांब केसांना भरपूर चोपडून मग धुवायला गेल्यावर केस एकमेकांत गुंतून दगडासारखा घट्ट गोळा झाल्याची नोंद आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केली आहे. तो गोळा सुटत नाही, कापावा लागतो. लावायचंच तर खोबरेलात थोडं मिसळून. रोझमेरीच्या तेलाचंही सध्या कौतुक आहे. इराणमध्ये शंभर पुरुषांवर सहा महिने प्रयोग झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. दोन टक्के मिनॉक्सिडिल या टकलावरच्या औषधाइतकाच त्याचा गुण आला. शंभर माणसं म्हणजे फार नव्हेत, पण दखल घेण्यासारखं आहे. मात्र ते अर्कतेल आहे. बाटलीतून थेट डोक्यावर ओतलं तर आग होईल. दोन चमचे साध्या तेलात चार-पाच थेंब पुरे.

कोंडा असेल तर मात्र माझं ऐका आणि रात्रभर तेल ठेवू नका. "डोकं कोरडं पडलंय, तेल घाल" हा घरोघरचा सल्ला इथे उलटा पडतो. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्याच असते. ती स्निग्ध पदार्थांवर जगते. तेल घालणं म्हणजे तिला पंगत वाढणं. तिने तेल फोडून जी आम्लं तयार होतात, त्यांनी टाळूची आग होते, खाज सुटते, पापुद्रे आणखी वाढतात. कपाळावर केसांच्या कडेने बारीक मुरुमं येणाऱ्या मुलामुलींनीही तेल हात राखून लावावं.

टाळूवरून आठवलं, बाळाची टाळू. बाळंतिणीच्या खोलीत तेलाची वाटी असायचीच. कोकणात त्यासाठी ओल्या नारळाचा रस कढवून आवेल काढतात. आज्या तेल थापून टाळू भरत. तिथलं हाड साधारण दीड वर्षापर्यंत आपलं आपणच भरून येतं, तेल त्याला घाई करत नाही. हलक्या हाताने लावायला हरकत नाही. दाबायचं मात्र नाही, आणि नाका-कानात तेल सोडायचं तर अजिबात नाही.

लावायचं कसं, हे दोन वाक्यांत सांगतो. न्हाण्याच्या तास-दोन तास आधी, चमचाभर तेल, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं, मधल्या भागापासून टोकापर्यंत जास्त आणि मुळाशी कमी. खसाखसा चोळू नका, आणि तेल लावून आवळून वेणी घालू नका, कारण रोज ताण बसला की कानशिलांवरचे केस विरळ होत जातात आणि पुढे ते परत येत नाहीत.

मोठा ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी फणीत मूठभर केस येतात. घाबरू नका, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं तर रोजचंच. पण सहा महिने उलटले तरी गळती थांबली नाही, तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. चाई पडली, म्हणजे रुपयाएवढा गोल चट्टा एकदम मोकळा झाला, तर कांदा-लसूण चोळत बसू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

जाता जाता एक गोष्ट. खोबरेलाची लहान बाटली खाण्याची की डोक्याची, यावर आपल्या देशात अनेक वर्षं खटला चालला. कारण खाद्यतेलावर कर कमी आणि केशतेलावर जास्त. जीएसटी आल्यावर तो ५ आणि १८ टक्के झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांची मतं वेगवेगळी पडली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला, आणि वादातली हवाच गेली. आमच्या आईला हे सांगितलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं. तिच्या कोनाड्यातल्या बाटलीतलं तेल आंबोळीच्या तव्यावरही जायचं, दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीतही जायचं, आणि दर रविवारी वडिलांच्या टकलावरही.

नमस्कार.