रुपयांचा कप आणि अर्ध्या पेनीची कार्डं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या रग्बीच्या जुन्या वस्तू जमवण्याबद्दल.

१८७२ साली, नाताळच्या दिवशी, कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा एक सामना खेळला. त्यातून पुढच्याच वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. पण बंगालच्या उकाड्यात हा खेळ काही रुजेना. सभासद पोलो-टेनिसकडे वळले आणि क्लब गुंडाळायची वेळ आली. बँकेतली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये. ते वितळवून कप घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट दिला. हाच तो कलकत्ता कप! तीन नाग त्याच्या मुठी झाले आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही या कपासाठी झुंजतात.

हा कप संग्राहकाच्या हाती कधी लागायचा नाही, पण त्याची लाकडी बैठक प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावी. तिच्यावरच्या पट्ट्यांवर सामन्यांची नोंद आहे आणि ती सुरू होते १८७१ पासून. कपासाठीचा पहिला सामना मात्र झाला मार्च १८७९ मध्ये, एडिंबरोत, आणि तो बरोबरीत सुटला. म्हणजे वस्तूवर कोरलेलं साल हे त्या वस्तूचंच असेल, असं धरून चालता येत नाही.

मग काळ ओळखायचा कसा? खेळाच्या इतिहासावरून. जुना संघाचा फोटो समोर आला की आधी डोकी मोजा. १८७१ चा पहिला आंतरराष्ट्रीय सामना वीस-वीस जणांत झाला. पंधराचा संघ आला तो १८७७ मध्ये. चेंडूचंही तसंच. इंग्लंडमधल्या रग्बी गावातले चांभार सुरुवातीला डुकराच्या मूत्राशयावर चामडं शिवत. ते मूत्राशय तोंडाने फुगवावं लागे. रिचर्ड लिंडन या कारागिराची बायको हेच काम करता करता फुप्फुसाच्या आजाराने गेली, असं सांगतात. पुढे त्याने रबरी ब्लॅडर आणि पितळी पंप आणला. तेव्हा चेंडूच्या आत काय आहे, हे पाहिल्याशिवाय बाहेरच्या चामड्यावर भाळू नका.

पण माझा खरा जीव आहे तो कागदी कार्डांवर. १८८० च्या दशकात ब्रॅडफर्डच्या जॉन बेन्सने ढालीच्या आकाराची रंगीत कार्डं छापली. अर्ध्या पेनीला एक पाकीट. पोरांनी ती खिशात कोंबली, अदलाबदल केली, खेळून खेळून फाडली. म्हणून तर आज ती इतकी दुर्मीळ आहेत. एखाद्या कार्डावर मॅनिंगहॅम या ब्रॅडफर्डच्याच क्लबचा रग्बीपटू दिसला तर जरा थांबा. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेतले क्लब रग्बी युनियनमधून फुटून वेगळे झाले, त्यांचा पहिला विजेता हा मॅनिंगहॅम. आणि १९०३ मध्ये याच क्लबने रग्बी सोडून सॉकर धरला. तोच आजचा ब्रॅडफर्ड सिटी. म्हणजे ते कार्ड १९०३ नंतरचं असण्याची शक्यता फार कमी. कोपरे झिजलेले असले तरी चालेल, पण कुणी कडा नव्याने कातरल्या असतील तर घेऊ नये.

श्रीमंतांचा बाजार निराळाच आहे. १९०५ च्या ब्रिटन दौऱ्यावरच्या न्यूझीलंड संघाचा कर्णधार डेव्ह गॅलहर, पुढे पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याची त्या दौऱ्यातली जर्सी २०१५ मध्ये कार्डिफच्या लिलावात १,८०,००० पौंडांना गेली. जर्सी कुणाकडून कुणाकडे आली, ही साखळी सांगता आली नाही तर असा भाव कोण देणार?

आपल्या मुंबईतही बॉम्बे जिमखान्यावर रग्बी फार जुनी आहे. कुणाच्या घरी पेटीत तिथल्या संघाचा जुना फोटो असेल, तर तो चौकटीतून ओढून काढू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, कोण कुठे उभं आहे. ती नावं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून फोटोसोबतच ठेवा.

नमस्कार.