बटण कोण लावतं?

[दृश्य: सकाळ. दोन खोल्यांचं घर, उघडं दार, खाली रस्ता.]

पावणेसात वाजलेत. सातला शाळेची गाडी कोपऱ्यावर येईल. नऊ वर्षांचा मुलगा हात खाली सोडून उभा आहे आणि आई भराभर त्याच्या शर्टाची बटणं लावतेय. पाच बटणं, अर्धं मिनिट.

[दृश्य: विशेष शाळेचा वर्ग.]

हाच मुलगा, त्याच दिवशी, शाळेत. रंग सांडले म्हणून शर्ट बदलतोय आणि बटणं स्वतः लावतोय. एक चुकतं, तो ते काढतो, पुन्हा लावतो. बाई शेजारीच बसल्यात, पण हात लावत नाहीत.

शाळेच्या वहीत नोंद आहे, ‘शर्टाची बटणे स्वतः लावतो.’ आईचं म्हणणं, ‘घरी काहीसुद्धा करत नाही हो हा!’ दोघींचंही खरं आहे.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. एका खोलीत, एका माणसासमोर जमलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप जमत नाही. तिथेही ती करायची संधी मिळावी लागते. आणि घरात ही संधी कोण हिरावून घेतं? बहुतेक वेळा आपली घाई. आळस नव्हे, दुर्लक्ष तर नव्हेच. माया आणि घड्याळ, दोन्ही एकाच वेळी काम करत असतात.

म्हणून आधी एक सांगून टाकू. सातची गाडी गाठायची असताना बटणं शिकवायला बसू नका. सकाळी खुशाल लावून द्या. शिकवायचं संध्याकाळी, शाळेचे कपडे बदलताना किंवा रविवारी दुपारी. बाबांचा जुना शर्ट चालतो, त्याची बटणं मोठी असतात. आधी तो टेबलावर पसरून, मग अंगावर.

विशेष शिक्षक अशी कामं शेवटाकडून शिकवतात. चार बटणं आईने लावायची, पाचवं मुलाने. ते जमलं की शेवटची दोन त्याची, मग तीन. प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते मुलाच्या हातून, आणि ‘झालं!’ म्हणायचा मान त्याचा. चप्पल, पॅण्ट, डबा उघडणं, सगळं याच वाटेने शिकवता येतं. फक्त बाई शाळेत नेमकं काय करतात, कुठे थांबतात, कोणते शब्द वापरतात, हे एकदा वर्गात बसून पाहायला हवं. शाळेत ‘घाल’ आणि घरी ‘ढकल की रे आत’ असं झालं, तर मुलाने ऐकायचं कुणाचं?

[दृश्य: शाळेतली बैठक. टेबलावर कागद.]

हा कागद म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. शाळेत सगळे त्याला आयईपी म्हणतात. पुढच्या काही महिन्यांत या एका मुलाने काय शिकायचं, ते यात लिहितात. पालकांच्या वाट्याला बहुधा खालची सही येते. सहीआधी दोन मिनिटं वाचा. ‘संवाद कौशल्य सुधारणे’ असं लिहिलेलं असेल, तर ते सुधारलं की नाही हे कुणालाच कळणार नाही. ‘तहान लागल्यावर, कुणी न सांगता, पाण्याच्या चित्रावर बोट ठेवतो’ असं लिहिलं, की ते आजीलाही तपासता येतं.

आणि बैठकीला हात हलवत जाऊ नका. झोप किती झाली, फिट आली का, औषध बदललं का, कुकरच्या शिट्टीने कान झाकले का, कोणत्या गाण्याला शांत झाला, हे कोणत्याही तपासणीत सापडत नाही. साध्या वहीत रोज दोन ओळी पुरतात. थेरपिस्टला आठवड्यातली काही मिनिटं मिळतात, उरलेला आठवडा तुमच्याकडे असतो.

[दृश्य: मुंबईतल्या जुन्या शाळांची छायाचित्रं.]

पालकांनी टेबलाच्या त्या बाजूला गप्प बसावं, असा इथला इतिहासही नाही. मुंबईतली जय वकील शाळा 1944 साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. त्यांनी 1972 मध्ये अशा मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. सगळ्यांनी शाळा काढाव्यात असं नाही. पण ‘आम्हाला त्यातलं काय कळतं’ हे वाक्य पालकांच्या तोंडी शोभत नाही.

आणखी एक सल्ला सर्रास मिळतो: मूल बोलत नाही ना, मग घरी इंग्रजीच बोला, गोंधळ नको. दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, याला आधार नाही. आजी-आजोबा मराठी बोलतात, जेवण मराठीत होतं, रागावणं मराठीत होतं. तीच भाषा काढून घेतली, तर मुलाशी बोलणारी अर्धी माणसं गप्प होतात. त्यापेक्षा दोन वाट्या समोर धरा, ‘पोहे की उपमा?’ विचारा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. शब्द आला तर उत्तम. बोट आलं, नजर वळली, तरी ते उत्तरच आहे.

[दृश्य: तालुक्याचं गाव, पंचायत समितीचं आवार.]

विशेष शाळा शहरात, आपण गावात, मग काय? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. अतितीव्र दिव्यांगत्व असेल तर घरी शिक्षण घेण्याचा पर्याय 2012 पासून शिक्षण हक्क कायद्यातच आहे. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक गावोगावच्या शाळांमध्ये जातात. त्यांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करायची. ते कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारत राहावं लागतं. न विचारता मिळालं तर नशीब समजा.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी, रुग्णालयातली रांग चुकत नाही, पण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित खास अडणं, असलेल्या मुलांच्या पालकांनी दहावीचं वर्ष उजाडायची वाट पाहू नये. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, पण प्रमाणपत्राचे कागद आधी हवेत.

बाबांविषयी थोडं. बैठकीला आई, थेरपीला आई, रांगेत आई, हे चित्र अजून फारसं बदललेलं नाही. बाबा गाडीत बसून वाट पाहतात. त्यांनी एक काम पूर्ण आपलं म्हणून घ्यावं, मुलाची आंघोळ, नाहीतर त्याला घेऊन रोजचा दुकानाचा फेरा. सुट्टे पैसे मोजायला दुकानासारखी जागा नाही. आणि मोठ्या बहिणीला दुसरी आई करू नका. तिची परीक्षा, तिचा वाढदिवस तिचाच राहू द्या.

[दृश्य: चौदा वर्षांची मुलगी, हातात बाहुली.]

वय वाढतं तसे आराखड्यातले विषय बदलायला हवेत. अक्षरओळख अडकली म्हणून दाढी, पाळी, बस, पैसे थांबत नाहीत. पाळी येण्याआधी, शांत दिवसांत, बाहुलीच्या चड्डीला पॅड लावून सराव होतो. मग स्वतःच्या, मग शाळेच्या बाथरूममध्ये. अंगाला कुणी कुठे हात लावायचा नाही, हेही याच वयात, चित्रांसह, पुन्हा पुन्हा. हे उद्दिष्ट शाळेने लिहिलं नसेल, तर पुढच्या बैठकीत तुम्ही लिहायला सांगा. त्या बैठकीला मुलीलाही बसवा. ‘तुला काय शिकायचंय?’ हा प्रश्न तिला विचारा, आणि तिच्या वतीने उत्तर देऊ नका.