दगडातले पट्टे

नमस्कार श्रोतेहो.

अग्निज खडकाची चकती काचपट्टीवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणली, की दगडातून उजेड आरपार जातो. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकात एकात एक बसलेल्या चौकटींसारखे पट्टे दिसतात. चकती फिरवा, एक पट्टा काळा पडतो, शेजारचा उजळतो.

प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार कुळातलं खनिज. त्यात कॅल्शियम आणि सोडियम कमीजास्त होऊ शकतात. निव्वळ कॅल्शियमचा प्रकार वितळायला सुमारे १५५० अंश सेल्सिअस लागतात, सोडियमचा साधारण ११०० लाच वितळतो. भूशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेन यांनी १९१३ मध्ये या वितळण्याचा आलेखच मांडला. म्हणजे शिलारस निवताना आधी कॅल्शियमचा गाभा धरणार, मग सोडियम वाढत जाणारी पुटं चढणार. सरळ हिशेब.

खरी मजा हिशेब बिघडतो तिथे. कडेकडे सोडियम वाढत असताना एखाद्या पट्ट्यात कॅल्शियम अचानक उसळी घेतं, आणि त्याच्या आतली कड गोलसर, कुरतडल्यासारखी असते. स्फटिक थोडा विरघळला, मग पुन्हा वाढला. खालून ताजा, तापलेला शिलारस घुसला असावा. ‘असावा’ मुद्दाम म्हणतोय, कारण शिलारसात पाणी वाढलं तरी कॅल्शियम वाढतं, आणि दाब उतरला तरी स्फटिक विरघळू शकतो. अशा वेळी मी त्याच पट्ट्यातल्या लोहाचा आकडा बघतो. तोही सोबत चढला असेल, तर ताज्या शिलारसाचा संशय बळावतो.

हे आकडे मिळतात इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ रेमाँ कास्तँ यांनी १९५१ च्या पॅरिसमधल्या प्रबंधात त्याचा पाया घातला. इलेक्ट्रॉनांचा झोत जेमतेम एक-दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागाएवढ्या, ठिपक्यावर पडतो, आणि तिथलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या खास तरंगलांबीचे क्ष-किरण सोडतं.

पण हे पट्टे पुसले कसे जात नाहीत? कॅल्शियमच्या जागी सोडियम यायचं, तर स्फटिकाच्या अणूंच्या जाळीतल्या अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनलाही अदलाबदल करावी लागते, आणि ते जागचे हलायला फार वेळ घेतात. ऑलिव्हिन या दुसऱ्या खनिजाचं तसं नाही. त्यात लोह आणि मॅग्नेशियम झपाट्याने सरकतात, पट्ट्याची सीमा विरत जाते. ती किती विरली, यावरून नवा शिलारस घुसल्यापासून उद्रेकापर्यंत किती काळ गेला ते काढता येतं. कधी वर्षं, कधी महिने, कधी नुसते दिवस. मात्र तापमान वीस-तीस अंशांनी चुकलं, की उत्तरही चांगलंच हलतं.