एका हँडलवर अख्खी गाडी

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या वीजघरातून एडिसनने आसपासच्या इमारतींना वीज द्यायला सुरुवात केली. रस्त्याखालून तारा टाकल्या, त्या दिव्यांसाठी.

त्याच वर्षी अमेरिकन नौदलाचा एक तरुण अधिकारी विजेच्या प्रदर्शनासाठी लंडनला आला होता. फ्रँक स्प्रेग त्याचं नाव. तिथल्या भुयारी रेल्वेत तेव्हा वाफेची इंजिनं धावत. बोगद्यात कोंडलेला धूर सोसत प्रवास करताना त्याच्या मनाने घेतलं, की ही गाडी विजेवरच चालायला हवी.

पुढच्याच वर्षी तो एडिसनकडे नोकरीला लागला. दिव्यांच्या तारा किती जाड हव्यात, याचं गणित त्याने बसवून दिलं. पण त्याचा सगळा जीव विजेच्या मोटारीत, म्हणजे विजेवर चाकं फिरवणाऱ्या यंत्रात होता. १८८४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली.

विजेची ट्रॅम काही त्याने शोधली नाही. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला सीमेन्सची ट्रॅम १८८१ पासून धावत होती. स्प्रेगने अंगावर घेतलं ते याहून फार अवघड काम: व्हर्जिनियातलं रिचमंड शहर, बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या आणि मुदत फक्त नव्वद दिवसांची. त्यात शहर टेकड्यांचं. काही ठिकाणी दहा फुटांमागे एक फूट चढ! मोटारी जळाल्या, गिअर अडकले, मुदत टळली. खरी अडचण होती ती मोटार बसवायची कुठे, ही. डब्यात ठेवावी तर चाकांपर्यंत जोर नीट पोचत नाही, चाकांना घट्ट बांधावी तर रुळांचे धक्के तिला खिळखिळी करतात. स्प्रेगने मोटारीचं एक अंग चाकांच्या आसावर टेकवलं आणि दुसरं स्प्रिंगवर तोललं. चाकं कितीही उसळोत, मोटार आसाबरोबरच हलणार, गिअरचे दाते सुटणार नाहीत. मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती हीच. फेब्रुवारी १८८८ मध्ये रिचमंडची ट्रॅम सुरू झाली.

बॉस्टनचे ट्रॅममालक हेन्री व्हिटनी ती पाहायला आले. त्यांना एकच शंका होती: अनेक गाड्या एकाच जागी तुंबल्या तर वीज पुरेल का? स्प्रेगने एका रात्री चार गाड्यांपुरत्या बांधलेल्या टप्प्यात बावीस गाड्या रांगेत उभ्या केल्या. इशारा झाला. गाड्यांतले दिवे मिणमिणू लागले, पण एकामागून एक सगळ्या गाड्या हलल्या. बॉस्टनने विजेची ट्रॅम घ्यायचं ठरवलं.

१८९० मध्ये एडिसनच्या कंपनीने स्प्रेगची कंपनी विकत घेतली आणि यंत्रांवरून त्याचं नाव काढून टाकलं. हा त्याच्यावरचा अन्यायच होता. तो मग विजेच्या लिफ्टकडे वळला. अनेक लिफ्ट एकाच जागेवरून चालवता येतील का, या विचारातून त्याला पुढची कल्पना सुचली.

गाडी ओढायला एकच जड इंजिन कशाला? डब्यांखालीच मोटारी बसवायच्या. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक बारीक केबल न्यायची. ड्रायव्हरने हँडल फिरवलं की त्या केबलमधून थोडासा प्रवाह जाईल आणि प्रत्येक मोटारीचा स्विच जागच्या जागी चालू होईल. डबे वाढले तर मोटारीही वाढतील, आणि गाडी चटकन वेग घेईल. जुलै १८९७ मध्ये चाचणी झाली, तेव्हा सहा डब्यांची गाडी चालवली ती स्प्रेगच्या दहा वर्षांच्या मुलाने, डेस्मंडने. शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेने हीच पद्धत स्वीकारली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, ती याच पद्धतीची. जवळजवळची स्टेशनं, दर दोन-तीन मिनिटांनी थांबणं आणि पुन्हा झपकन वेग घेणं, हे मोटरकोचमुळेच, म्हणजे खाली मोटारी बसवलेल्या डब्यांमुळेच जमतं. आजही सीएसएमटीला लोकल लागली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागत नाही. मागच्या कॅबमध्ये मोटरमन चढतो, आणि आलेली गाडी काही मिनिटांत कर्जत-कसाऱ्याकडे सुटते.